लोमेच्या नाना बेंझ

आफ्रिकेतल्या बायकांच्या हाती पैसा आला तो परदेशी संस्थांच्या छोट्या कर्जांमुळे, हे मत मला अर्धवट वाटतं. कर्जांनी मदत झालीच, पण टोगोची राजधानी लोमे इथल्या कापडवाल्या बायका त्याच्या कितीतरी आधीच्या. हॉलंडहून येणाऱ्या, बाटिकसारख्या दिसणाऱ्या छापील 'वॅक्स' कापडाचा घाऊक व्यापार त्यांच्या हातात होता. ठरावीक नक्षी विकण्याचा एकाधिकार या बायका कापड बनवणाऱ्या कंपन्यांकडून मिळवत. मर्सिडीझ-बेंझ गाड्या घेतल्या म्हणून लोक त्यांना नाना बेंझ म्हणू लागले; 'नाना' म्हणजे तिथल्या बोलीत आई किंवा आजी. सरकारी पाहुण्यांसाठी सरकार त्यांच्याच गाड्या मागून नेई!

मला सगळ्यात भावतं ते नक्षींना नाव देण्याचं काम. पश्चिम आफ्रिकेत एका नक्षीचं नावच आहे, 'तू बाहेर पडलास तर मीही पडेन'. नवऱ्याला जे तोंडावर सांगायचं नाही, ते बाई अंगावर नेसून सांगते. १९९४ मध्ये टोगोसह त्या भागातल्या अनेक देशांचं चलन असलेल्या सीएफए फ्रँकची किंमत निम्म्यावर आणली गेली आणि हॉलंडचं कापड परवडेना, पाठोपाठ स्वस्त चिनी नक्कल आली. पुढच्या पिढीतल्या काही व्यापारी बायका मग थेट चीनला जाऊन माल छापून आणू लागल्या. त्यांना 'नानेट', म्हणजे छोट्या नाना, म्हणतात.