मदत हवी आहे: एप्रिलमध्ये भारतात जायचंय, मुलीच्या हजेरीचं काय?

नमस्कार मंडळी. लेक कॅलिफोर्नियात सरकारी शाळेत दुसरीत आहे. एप्रिलमध्ये साताऱ्याला चुलतभावाचं लग्न. स्प्रिंग ब्रेकला जोडून आणखी आठवडाभर शाळा बुडेल. नेमकं आत्ताच शाळेचं हजेरीबद्दल पत्र आलंय. इथे १० टक्के दिवस बुडाले, म्हणजे १८० पैकी १८, की मुलाची सतत गैरहजर अशी नोंद होते. त्यात आजारपणही धरतात, आणि थंडीत तिचे बरेच दिवस तापात गेलेत. पण माझ्या आजीला पणतवंड बघायचंय, त्यामुळे जाणार हे नक्की.

आधीच शाळेशी ‘इंडिपेंडंट स्टडी’चा (म्हणजे शाळेत न जाता अभ्यास करण्याचा) करार करून दिलेला अभ्यास पूर्ण केला, तर ते दिवस हजेरीत धरतात ना? कुणी केलंय का? किती आधी सांगावं लागतं? आधी ऑफिसात विचारू की वर्गाच्या बाईंना?