मदत हवी आहे: इंग्रजीच्या धड्यातले संवाद मुलांच्या तोंडी बसत नाहीत

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीशाळेत शिकवते. तिसरी-चौथी एकत्र, पट तेवीस. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. मी त्याआधीची, पाचवीत एबीसीडी गिरवलेली. ही पोरं माझ्यापुढे असायला हवीत, आणि कवितांच्या बाबतीत आहेतही. हातवाऱ्यांसकट तोंडपाठ! अडतं ते संवादाशी.

परवा एका दात्याने दिलेल्या पूरक पुस्तकातला धडा घेतला. गुळगुळीत कागद, मॉलमध्ये खेळणी घेणारा मुलगा. मी विचारलं, "हाऊ मच इज इट?" अख्खा वर्ग सुरात, "हाऊ मच इज इट!" मग एकाने हळूच विचारलं, "बाई, किंमत तर चित्रात लिहिलीय, मग तो विचारतो कशाला?"

खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही.

हीच पोरं मधल्या सुट्टीत 'नो बॉल' की 'रनआऊट' यावर तावातावाने भांडतात. मग वर्गातच काय होतं? धडा वगळायचा नाहीये. ॲप, व्हिडिओ नकोत, दुपारी लाईट नसते. तुम्ही काय करता?

प्रतिसाद:
ताई, आधी त्या पोराला शाबासकी द्या, त्याने दुखण्यावरच बोट ठेवलंय. किंमत झाका! चौथीचे दुकानदार करा, किमतीच्या चिठ्ठ्या त्यांच्या मुठीत. तिसरीच्या गिऱ्हाइकांनी वीस रुपयांत तीन वस्तू आणायच्या. विचारल्याशिवाय कळणारच नाही. आकडे दहाच्या आतले ठेवा.

लाजरी मुलं असतील त्यांना लगेच बोलायला लावू नका. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची पद्धत आहे: आपण हुकूम सोडायचा, मुलांनी नुसतं करून दाखवायचं. 'पुट द पेन अंडर द बॅग' वगैरे. बोलणं मागाहून येतं.

धागाकर्ती:
आज केलं! खडू, पेन्सिली, चिंचा मांडल्या. गलका इतका की पलीकडच्या वर्गातले सर डोकावून गेले. 'हाऊ मच' सगळ्यांच्या तोंडी, 'इज इट' निम्म्यांनी गिळलं. पण एकीने चिंचांचे नऊ रुपये ऐकून घासाघीसच सुरू केली, ती काही धड्यात नव्हती. आता 'कमी करा'ला सोपं इंग्रजी सुचवा कुणीतरी. सध्या 'लेस करा, लेस करा' चालू आहे.