मदत हवी आहे : अनावश्यक सीटी स्कॅन टाळण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे रुग्णालयात प्रत्यक्ष कशी रुजवावीत?

नमस्कार.

मी एका सर्वसाधारण रुग्णालयाच्या रेडिओलॉजी विभागात काम करते. कोणत्या तक्रारीसाठी कोणती तपासणी आधी करावी आणि कोणती करूच नये, यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे आमच्याकडे लागू करण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. तत्त्वे कोठून मिळवावीत हा माझा प्रश्न नाही. ती कागदावरून डॉक्टरांच्या रोजच्या सवयीत कशी उतरवावीत, यासाठी मला मदत हवी आहे. ज्यांनी हे काम यशस्वीपणे केले त्यांचे अनुभव तर हवेतच, पण ज्यांचा प्रयत्न फसला त्यांनीही अवश्य लिहावे.

एका रात्री अकरा वर्षांच्या एका मुलीच्या पोटाच्या सीटीचा फॉर्म आला. रुग्णाच्या माहितीच्या रकान्यात ‘पोटदुखी’ एवढा एकच शब्द होता. मी फोन केला तेव्हा निवासी डॉक्टर म्हणाले, “मॅडम, सरांनी सांगितलंय, करून टाका.” स्कॅन झाला. मी रिपोर्ट लिहायला बसले असताना मुलीच्या वडिलांनी पिशवीतून एक सीडी काढून टेबलावर ठेवली. दोनच दिवसांपूर्वी दुसऱ्या एका रुग्णालयात तिच्या पोटाचा सीटी झालेला होता. दोन्ही स्कॅन नॉर्मल होते. आधीच्या तपासण्यांबद्दल त्यांना कोणी विचारलेच नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. त्या मुलीच्या पोटाची साधी सोनोग्राफी मात्र दोन्ही ठिकाणी झालेली नव्हती.

आकडे येथील अनेकांना ठाऊक असतील, तरी चर्चेसाठी मांडते. मिलिसिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या रेडिएशनची मात्रा मोजण्याचे एकक. छातीच्या एका एक्स-रेमधून सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट, तर पोटाच्या एका सीटीमधून साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. निसर्गातून माणसाला वर्षभरात मिळणारी मात्रा जागतिक सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट आहे, म्हणजे पोटाचा एक सीटी हा तीन-चार वर्षांच्या नैसर्गिक मात्रेएवढा होतो. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात, लहानपणी सीटी झालेल्यांमध्ये मिळालेल्या मात्रेबरोबर ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) आणि मेंदूच्या गाठींचे प्रमाण वाढताना दिसले. एकेका मुलामागे हा धोका अगदी लहान आहे आणि गरज असलेला स्कॅन या भीतीने कोणीही टाळू नये, हे मी रुग्णांच्या नातेवाइकांना नेहमी सांगते. पण ज्या स्कॅनने उपचारात काहीच बदलणार नाही, त्यासाठी लहानसा धोका तरी का पत्करायचा?

येथे एक गोष्ट अनेकदा नजरेआड होते. रेडिएशनजवळ काम करणाऱ्या आम्हा लोकांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशींमध्ये घालून दिलेली आहे. रुग्णासाठी अशी मर्यादा नाही, आणि ती नसणेच योग्य आहे, कारण जीव वाचवणारा चौथा स्कॅनही करावा लागू शकतो. मात्र त्यामुळे ‘ही तपासणी या रुग्णाला खरोखर हवी आहे का?’ हा प्रश्न हेच रुग्णाचे पहिले संरक्षण ठरते. तो विचारला गेला नाही, तर पुढे आम्ही मात्रा कितीही कमी केली तरी मूळ चूक तशीच राहते.

मात्रा कमी करण्याचे काम आमच्या हातात होते, आणि ते बऱ्यापैकी झाले आहे. पोटाच्या सीटीत कॉन्ट्रास्ट (अवयव स्पष्ट दिसण्यासाठी शिरेतून दिले जाणारे औषध) देण्यापूर्वीचा फेज, म्हणजे स्कॅनची एक जादा फेरी, सवयीने घेतला जात असे. आता तो कारण असेल तरच घेतो. मुलांसाठी शरीराच्या आकारानुसार वेगळे प्रोटोकॉल केले. प्रत्येक स्कॅननंतर यंत्रावर दिसणारा डीएलपीचा (त्या स्कॅनमधील एकूण रेडिएशन दाखवणारा) आकडा आम्ही नोंदवतो. प्रौढ व्यक्तीच्या पोटाच्या सीटीत तो ८०० आला, तर ०.०१५ ने गुणून साधारण १२ मिलिसिव्हर्ट होतात, हे तंत्रज्ञांना आता तोंडपाठ आहे, आणि आकडा नेहमीपेक्षा जास्त दिसला तर तेच स्वतःहून सांगायला येतात.

अडचण स्कॅनच्या मागणीपाशी आहे. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ रेडिओलॉजिस्ट्सने अशी मार्गदर्शक तत्त्वे प्रथम १९८९ मध्ये काढली, आणि अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने १९९३ मध्ये आपले निकष तयार करायला घेतले. म्हणजे ज्ञानाची उणीव कधीच नव्हती. आम्हीही त्यांच्या आधारे एक जाडजूड पुस्तिका तयार केली, सर्व विभागांना पाठवली आणि एक व्याख्यानही ठेवले. फॉर्म पूर्वीसारखेच येत राहिले. माझ्या मते आमच्या दोन चुका झाल्या. पहाटे दोन वाजता, समोर रुग्ण असताना कोणीही पुस्तिका उघडत नाही, ही पहिली. दुसरी अधिक गंभीर आहे: ती पुस्तिका आम्ही आमच्याच विभागात बसून लिहिली, त्यामुळे इतरांना तो ‘रेडिओलॉजीवाल्यांचा नियम’ वाटला, आणि तसे वाटण्यात त्यांची चूक नव्हती.

आता नव्याने सुरुवात करताना चार-पाच तक्रारींपुरतेच काम घ्यावे असे ठरवले आहे: डोक्याला मार, धोक्याची लक्षणे नसलेली कंबरदुखी, फुप्फुसात रक्ताची गुठळी असल्याचा संशय, मुलांमधील अपेंडिक्सचा संशय आणि मुतखड्याच्या वारंवार तपासण्या. डोक्याच्या किरकोळ दुखापतीसाठी २००१ चा कॅनेडियन सीटी हेड रूल, म्हणजे डोक्याचा सीटी कोणाला हवा हे ठरवणारा नियम, आहे. त्यातले निकष, उदाहरणार्थ वय ६५ किंवा अधिक, दोन किंवा अधिक वेळा उलटी, दुखापतीनंतर दोन तासांनीही ग्लासगो कोमा स्केल (शुद्धीची पातळी मोजणारे गुण) १५ पर्यंत, म्हणजे पूर्ण शुद्धीवर, न येणे, हे फॉर्मवरच छापता येतील आणि डॉक्टरांना फक्त खूण करावी लागेल. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना हा नियम लागू होत नाही, हेही तेथेच ठळकपणे छापावे लागेल. मुलांसाठी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले पेकार्नचे (मुलांच्या डोक्याच्या दुखापतीसाठीचे) निकष वेगळे घ्यावे लागतील. गुठळीच्या संशयात आधी वेल्स स्कोअर (लक्षणांवरून गुठळीची शक्यता मोजणारे गुण) आणि डी-डायमर (रक्ततपासणी), अपेंडिक्सच्या संशयात आधी सोनोग्राफी, याबाबत आमच्याकडे फारसा मतभेद नाही.

मतभेद आहे तो ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाला असावा, यावर. तो रेडिओलॉजिस्टला दिला तर आम्ही वाटेतला अडसर होतो आणि रात्री एखादा अत्यावश्यक स्कॅन अडकून पडेल अशी भीती मलाच वाटते. कोणालाच दिला नाही तर निकष नुसते शोभेचे राहतात. निकषात न बसणाऱ्या मागणीसाठी तपासणी न थांबवता दोन डॉक्टरांनी फोनवर बोलणे बंधनकारक करावे, असा मधला मार्ग मला सुचतो. हा मार्ग कोणी वापरला आहे का? रात्रपाळीत तो टिकतो का, की काही दिवसांतच फोन ही केवळ औपचारिकता होते?

मागणी संगणकावरून घेऊन माहितीचे रकाने सक्तीचे करावेत, अशीही सूचना आहे. रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नसेल तर घाईत असलेला निवासी डॉक्टर काहीतरी भरून मोकळा होईल, आणि सूचनांच्या चौकटी वारंवार समोर येऊ लागल्या की त्या न वाचताच बंद केल्या जातील, अशी मला शंका आहे. किती सूचना ठेवाव्यात, याचा कोणाला अनुभव असल्यास लिहावे.

मोजमापाबद्दलही मार्गदर्शन हवे आहे. नॉर्मल निघालेल्या स्कॅनची टक्केवारी मोजावी असे व्यवस्थापनाला वाटते, पण नॉर्मल निघालेला प्रत्येक स्कॅन अनावश्यक नसतो. कधीकधी नॉर्मल रिपोर्टमुळेच रुग्णाला सुखरूप घरी पाठवता येते. त्याऐवजी दर महिन्याला ठरावीक फॉर्म निवडून, मागणी करणाऱ्या विभागातील एका आणि आमच्या विभागातील एका डॉक्टराने एकमेकांचे मत न पाहता ते निकषांशी ताडून पाहावेत, असे मला वाटते. कमी स्कॅन झाल्यामुळे एखादे निदान निसटले का, याचीही नोंद त्याच बरोबरीने ठेवली पाहिजे. ती नसेल तर ‘स्कॅन केला नाही आणि काही राहून गेले तर जबाबदार कोण?’ या सहकाऱ्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे प्रामाणिक उत्तर असणार नाही.

एक बदल मात्र आम्ही कोणाच्याही संमतीची वाट न पाहता केला आहे. ‘अलीकडे कोठे सीटी किंवा एमआरआय झाला आहे का? सीडी सोबत आहे का?’ हे प्रश्न आता नोंदणीच्या खिडकीवरच विचारले जातात, आणि रुग्णाला टेबलावर घेण्यापूर्वी तंत्रज्ञ ते पुन्हा विचारतात.

ज्यांच्याकडे निकष छापलेला मागणीचा फॉर्म प्रत्यक्ष वापरात आहे, त्यांनी त्यातील रकान्यांची शब्दरचना कृपया येथे द्यावी. विशेषतः अपघात विभागातील डॉक्टरांनी सांगावे, की असा फॉर्म किती ओळींचा असेल तर तुम्ही तो खरोखर वाचून भराल?