मदत हवी आहे: फोर हिल्स स्की जंपिंग बघायला जायचंय, चारही टेकड्या झेपतील का?

उतारवाट

नमस्कार मंडळी,

हिवाळी ऑलिंपिक प्रत्यक्ष बघायचं फार दिवस मनात होतं. मिलान-कोर्तिना यंदा फेब्रुवारीत होऊन गेलं, पुढचं थेट २०३० मध्ये, फ्रेंच आल्प्समध्ये. तोवर बाबांचे गुडघे माझ्यासाठी थांबतील असं वाटत नाही. आणि खरं सांगायचं तर आमच्या घरात वेड आहे ते फक्त स्की जंपिंगचं. बाकीचे खेळ आम्ही जाहिराती चालू असताना बघतो. म्हणून ऑलिंपिकचा हट्ट सोडला आणि फोर हिल्स स्पर्धेला जायचं ठरवलं. ती दरवर्षी असते, आणि १९५३ साली सुरू झालेल्या या मालिकेची येत्या डिसेंबर-जानेवारीत ७५वी खेप आहे.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: जर्मनीत ओबर्स्टडॉर्फ आणि गार्मिश-पार्टेनकिर्शेन, ऑस्ट्रियात इन्सब्रुक आणि बिशोफ्सहोफेन, अशा चार गावांत, प्रत्येकाच्या उड्या मारायच्या टेकडीवर एक, अशा चार स्पर्धा. प्रत्येक ठिकाणी दोन उड्या. आठ उड्यांचे गुण एकत्र करून विजेता ठरतो.

जाणारे तिघं: मी, बायको आणि बाबा (वय ६७, तब्येत ठणठणीत, पण तासन्‌तास उभं राहणं जमत नाही). तिघांचेही भारतीय पासपोर्ट. बर्फात गाडी चालवायचा अनुभव शून्य.

कच्चा आराखडा असा: २७ डिसेंबरला म्युनिकला उतरायचं आणि तिथेच मुक्काम. २८ आणि २९ ओबर्स्टडॉर्फ. ३० ते १ जानेवारी गार्मिश. २ ते ४ इन्सब्रुक. ५ आणि ६ बिशोफ्सहोफेन. ७ला म्युनिकहून परत.

प्रश्न:
चार गावं, चार हॉटेलं, बॅगा ओढत. हा वेडेपणा आहे का? त्यापेक्षा दोनच ठिकाणं निवांत करावीत?
व्हिसा जर्मनीचा काढायचा की ऑस्ट्रियाचा?
बाबांना बसायला जागा मिळेल अशी तिकिटं असतात का? टीव्हीवर तर सगळे उभेच दिसतात.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

गवाक्ष

विषय आवडला. माझ्याकडे सल्ला काही नाही, वाचत राहणार. अवांतर: तो टीव्हीवर दिसणारा हिरवा पट्टा (आघाडी घ्यायला कुठवर उडी हवी ते दाखवणारा) तिथे खरोखर बर्फावर असतो का?

बर्फाळलेला

@गवाक्ष, त्या पट्ट्यावर विसंबू नका. मैदानात मोठा पडदा असतो, त्यावर बघायचं.

@उतारवाट, मी जर्मनीतल्या बव्हेरियात राहतो आणि या स्पर्धेला अधूनमधून जातो. तुमचा आराखडा अशक्य नाही, पण त्यातला गार्मिशचा मुक्काम मला खटकतो. नववर्षाच्या आठवड्यात तिथे खोल्या महाग असतात, वर बरीच हॉटेलं एक-दोन रात्री द्यायला तयार नसतात, किमान चार-पाच रात्री घ्या म्हणतात. आणि राहायची गरजच नाही! गार्मिश ते इन्सब्रुक थेट लोकल गाडी आहे, मिटेनवाल्ड आणि झेफेल्डवरून, साधारण सव्वा ते दीड तास. हा रेल्वेमार्ग इतका देखणा आहे की फक्त त्याच्यासाठीसुद्धा मी जाईन. खिडकीची जागा बाबांना द्या.

म्हणजे असं करा: ३० डिसेंबरला ओबर्स्टडॉर्फहून सरळ इन्सब्रुकला या (गाड्या बदलत अर्धा दिवस जातो, तो धरून चाला) आणि ५ जानेवारीपर्यंत तिथेच तळ ठोका. एकच हॉटेल, बॅगा एकदाच उघडायच्या. गार्मिशची स्पर्धा १ तारखेला दुपारी असते. सकाळी निघा, स्पर्धा बघा, रात्रीच्या जेवणाला परत. ३१ची गार्मिशची पात्रता फेरी सोडून द्या. त्याऐवजी इन्सब्रुकच्या जुन्या गावात नववर्षाची रात्र बघा, छान असते.

शेवटच्या टप्प्यालाही तेच. बिशोफ्सहोफेन हे रेल्वे जंक्शनचं छोटं गाव आहे, ६ जानेवारीला तिथे खोली मिळवणं म्हणजे लॉटरी. ५ला साल्झबर्गला जाऊन दोन रात्री राहा. इन्सब्रुक-साल्झबर्ग वेगवान गाडीने दोन तासांच्या आत, आणि साल्झबर्गहून बिशोफ्सहोफेन पाऊण तास. स्पर्धा संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात संपते, त्यानंतर साल्झबर्गच्या गाडीला तोबा गर्दी, पण गाडी मिळते. ७ला साल्झबर्गहून म्युनिकही जवळ.

ओबर्स्टडॉर्फला मात्र राहाच. म्युनिकहून अडीच तास लागतात, स्पर्धा संध्याकाळची, आणि रात्री परत जायचं म्हटलं तर उड्यांपेक्षा घड्याळाकडेच जास्त लक्ष राहतं. जाताना बायर्न तिकीट (बव्हेरियात दिवसभर चालणारं रेल्वे तिकीट) घ्या, तिघांच्या गटाला स्वस्त पडतं. फक्त लोकल गाड्यांना चालतं आणि कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतरच. २८ डिसेंबर सोमवार आहे, तेव्हा ९च्या आधी गाडीत बसू नका.

गाडी भाड्याने घेण्याचा विचार असेल तर सोडा. हिवाळी टायर, ऑस्ट्रियाच्या महामार्गाचा टोल-परवाना, पार्किंगची मारामारी, हे सगळं अनुभव नसताना कशाला?

शिक्कामोर्तब

व्हिसाबद्दल लिहितो, बाकी बर्फातलं मला कळत नाही.

शेंगेनचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा) नियम असा: जिथे मुख्य मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. दोन्हीकडे सारखाच मुक्काम असेल तर जिथून पहिला प्रवेश, तो देश. आता तुमच्या मूळ आराखड्यात रात्री मोजा. २७ डिसेंबर ते १ जानेवारी जर्मनीत सहा, २ ते ६ ऑस्ट्रियात पाच. म्हणजे जर्मनी, तेही एका रात्रीच्या फरकाने. बर्फाळलेला यांचा आराखडा घेतलात तर जर्मनीत तीन आणि ऑस्ट्रियात आठ, म्हणजे सरळ ऑस्ट्रिया. उतरताय म्युनिकला, तरीही. त्यामुळे आधी मुक्काम ठरवा, मग अर्ज. अपॉइंटमेंट जर्मनीची घेऊन नंतर हॉटेलं बदलणं अंगाशी येतं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला १५ दिवस म्हणतात, पण ४५ पर्यंत लांबू शकतो. नाताळच्या सुट्ट्यांसाठी अपॉइंटमेंट लवकर संपतात, तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पुढे ढकलू नका. शुल्क प्रौढांना ९० युरो, सेवा केंद्राचा खर्च वेगळा. विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. बाबांचं वय बघता मी याहून मोठा घेईन, बर्फात घसरून हाड मोडणं ही तिथली नेहमीची गोष्ट.

हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या. स्पर्धेची तिकिटं हातात असतील तर अर्जाला जोडा, प्रवासाचं कारण स्पष्ट दिसतं.

अजून एक. गार्मिशला दिवसभरासाठी जाताना पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून जाऊ नका. एका व्हिसावर दोन्ही देश फिरता येतात हे खरं, पण जर्मनी सध्या आपल्या सीमांवर तपासणी करते. गाडीत पोलीस चढतात आणि मूळ पासपोर्टच मागतात, मोबाइलमधला फोटो चालत नाही.

उतारवाट

बर्फाळलेला, शिक्कामोर्तब, दोघांचे मनापासून आभार. इन्सब्रुकचा तळ बायकोला लगेच पटला. बाबा मात्र म्हणतात, "पात्रता फेरी सोडायची तर जायचं कशाला?" आता त्यांना कोण समजावणार.

हवेतला

बाबांशी शंभर टक्के सहमत!

लोक पात्रता फेरीला कमी लेखतात. या स्पर्धेत ती वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाची आहे. पहिल्या फेरीत ५० जण जोड्या लावून उतरतात: पात्रता फेरीतला पहिला विरुद्ध पन्नासावा, दुसरा विरुद्ध एकोणपन्नासावा, अशा २५ जोड्या. जिंकलेले २५ पुढे, आणि हरलेल्यांतले सर्वांत चांगले पाच. म्हणजे आदल्या दिवशी एखादा मोठा खेळाडू घसरला की दुसऱ्या दिवशी दोन दिग्गज एकाच जोडीत येतात. ती जोडी कशी जमली हे बघितलेलं असेल तर स्पर्धेची मजा दुप्पट होते. शिवाय त्या दिवशी गर्दी कमी, तिकीट स्वस्त, आणि हवी ती जागा धरून बसता येतं. तेव्हा गार्मिशची सोडा, पण ओबर्स्टडॉर्फ आणि इन्सब्रुकची सोडू नका. तसेही त्या गावांत तुम्ही असणारच.

दोनच टेकड्या करण्याच्या मात्र मी विरोधात आहे. चारही स्पर्धा जिंकायला आजवर फक्त तिघांना जमलंय: २००१-०२ मध्ये स्वेन हानावाल्ड, २०१७-१८ मध्ये कामिल स्टॉख, आणि लगेच पुढच्या वर्षी र्‍योयू कोबायाशी. कारण चारही टेकड्यांचे स्वभाव वेगळे. गार्मिश आणि बिशोफ्सहोफेनचा आकार (उडीच्या कडेपासून सुरक्षित टेकायच्या हद्दीपर्यंतचं अंतर) १४२ मीटर, ओबर्स्टडॉर्फ १३७, आणि इन्सब्रुकची बर्गीझेल फक्त १२८. कागदावर सगळ्यांत लहान तीच, पण घात करते तीच. टेकडी शहराच्या डोक्यावर उघडी उभी आहे आणि वारा सारखा दिशा बदलतो. जानेवारी २००८ आणि जानेवारी २०२२ मध्ये वाऱ्यामुळे तिथली स्पर्धा रद्दच झाली, दोन्ही वेळा ती बिशोफ्सहोफेनला उरकली. म्हणून तिकीट काढताना रद्द झाल्यावर पैसे परत मिळण्याच्या अटी वाचा, आणि ५ तारखेचा दिवस शक्यतो मोकळा ठेवा.

बर्गीझेल हा या सहलीतला सर्वांत सुंदर दिवस असेल हेही सांगतो. वरचा मनोरा प्रसिद्ध वास्तुरचनाकार झाहा हदीदने रचलाय, २००२ मध्ये पूर्ण झाला. वर बाकावर बसलेल्या खेळाडूला समोर काय दिसतं? विल्टेनचं चर्च आणि त्याच्या शेजारची दफनभूमी. उडी मारायला निघालेल्या माणसाला हे दाखवायचं म्हणजे...

उभं कुठे राहायचं: सगळे जण खाली, जिथे खेळाडू थांबतात तिथे गर्दी करतात. तिथे चेहरे दिसतात, पण उडी म्हणजे आभाळातून मोठा होत येणारा ठिपका. त्यापेक्षा उताराच्या बाजूला, बर्फावर टेकतात त्या पट्ट्याच्या आसपास जागा बघा. ताशी नव्वदच्या आसपास वेगाने माणूस शेजारून जातो तेव्हा कपड्यांचा फडफडाट ऐकू येतो. टीव्हीवर तो आवाज कधीच कळत नाही.

बर्फाळलेला

हवेतला, जागेचा सल्ला एकदम बरोबर, पण बाजूच्या जागा बहुतेक उभ्याच्या आणि चढावर असतात. बाबांसाठी नाही.

@उतारवाट, बसायची तिकिटं असतात, कमी असतात आणि आधी संपतात. प्रत्येक गावाची विक्री वेगळी असते, एका ठिकाणी सुरू झाली म्हणजे चारही ठिकाणी झाली असं नाही. माझं मत: गार्मिश आणि इन्सब्रुकच्या मुख्य दिवसाला बाबांसाठी बसायची जागा घ्याच. तुमच्यापैकी एकाने त्यांच्यासोबत बसा, दुसऱ्याने उभ्याचं तिकीट घेऊन हवेतला म्हणतात तसं बाजूला जावं, पात्रता फेरीच्या दिवशी अदलाबदल. इन्सब्रुकला १ नंबरची ट्राम बर्गीझेलच्या पायथ्याशी सोडते, पण पुढे चढ आहे आणि तो बर्फाने निसरडा असतो. बुटांवर चढवायचे रबरी काटे मिळतात, ते घ्या. दारं उघडल्या उघडल्या पोहोचा, म्हणजे घाई नाही.

थंडीचं म्हणाल तर चालताना काही वाटत नाही, एका जागी तीन तास थांबल्यावर कळतं. थंडी आधी पायांतून चढते. बूट अर्धा नंबर मोठे, आत लोकरीचे मोजे, आणि पायाखाली घालायला फोमच्या चटईचा तुकडा. बसणार असाल तर बुडाखालीही तोच. एक जाड जाकीट घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे. ही गावं फार उंचावर नाहीत, इन्सब्रुक तर ६०० मीटरच्याही खाली, त्यामुळे बर्फाऐवजी पाऊसही पडू शकतो. छत्री नेऊ नका, मागचे ओरडतात. टोपीचा रेनकोट हवा. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते.

आणि ३१ तारखेला दुकानं दुपारीच बंद होतात, १ला बंदच. पाणी, फळं, औषधं ३०लाच घेऊन ठेवा.

उतारवाट

ठरलं तर. चारही करतोय. म्युनिक १, ओबर्स्टडॉर्फ २, इन्सब्रुक ६, साल्झबर्ग २ रात्री. अर्ज ऑस्ट्रियाकडे. ओबर्स्टडॉर्फ आणि इन्सब्रुकच्या पात्रता फेऱ्या धरल्यात, गार्मिशची सोडली, बाबांनी कुरकुरत मान्य केलं. बिशोफ्सहोफेनला त्यांना झेपलं नाही तर ते साल्झबर्गला हॉटेलात टीव्हीवर बघतील असं मी म्हटलं, त्यावर त्यांनी उत्तरसुद्धा दिलं नाही.

एक शंका उरली. इन्सब्रुकची मुख्य स्पर्धा कुठे ३ जानेवारी दिसते, कुठे ४. नक्की कोणती धरू?

हवेतला

ती वर्षानुसार बदलते. २०२४ला ३ तारखेला होती, २०२५ आणि २०२६ला ४. तुम्ही दोन्ही रात्री तिथेच आहात, त्यामुळे हॉटेलला फरक पडत नाही. तिकीट तेवढं या हंगामाचं अधिकृत वेळापत्रक बघून काढा, जुन्या पानांवर विसंबू नका.

शिक्कामोर्तब

आणि विम्याची शेवटची तारीख ७ नको, पुढचे दोन-तीन दिवस धरून घ्या. हिवाळ्यात विमानं उशिरा सुटतात.