यामाहा आरएक्स १०० बाईक पांढरा धूर सोडतीय, रीबोअर करू का?

खानापूरकर: वडिलांची १९९५ची आरएक्स १०० आहे, लहानपणी टाकीवर बसून नंदगडला गेलोय हिच्यावर, म्हणून विकायची नाहीच. आता गरम झाली तरी पांढरा धूर थांबेना. मेकॅनिक म्हणतोय रीबोअर करून, म्हणजे सिलिंडरचं बोअर (आतलं भोक) थोडं मोठं कापून, नवा पिस्टन घाला. करू का?

निपाणी_टू_स्ट्रोक: दादा थांबा, बोअरला एवढ्यात हात लावू नका! आधी गिअर ऑइल काढून मापून बघा की, घातलेलं त्यापेक्षा कमी निघालं तर क्लच साइडचं क्रँक सील (गिअर ऑइल इंजिनात जाऊ न देणारी क्रँकशाफ्टवरची रबरी रिंग) गेलंय, इंजिन ते ऑइल ओढून जाळतंय. माझं सील काढलं तेव्हा कड बांगडीसारखी कडक, नखानं दाबली तर मोडली. दुसऱ्या बाजूचं, मॅग्नेटो साइडचं पण सोबतच बदला. ऑइल पंपाचं सेटिंग पण बघून घ्या.

उद्यमबाग: बरोबर. रीबोअरचे पिस्टन २५, ५०, ७५, १०० (म्हणजे ०.२५ ते १ मिमी मोठे) असे वाढत जातात, स्टँडर्ड बोअर एकदा गेलं की गेलं. जुनं सील टाकू नका, त्यावर माप असतं, तेच घेऊन दुकानात जा आणि जुळवून घ्या. बेळगावात नाही मिळालं तर कोल्हापूर.

खानापूरकर: ऑइल मापलं, जवळजवळ निम्मंच निघालं! रविवारी इंजिन खोलतोय.