जर्मनीतील भाड्याच्या घरात गांजाच्या रोपांची पेटी: कायदा, वास आणि भारतीय पारपत्र

निवडुंग (प्रश्न)

नमस्कार. मी गेले दीड वर्ष श्टुटगार्टजवळच्या एका गावात नोकरीनिमित्त राहत असून पत्नी आणि चार वर्षांची मुलगी तीन महिन्यांपूर्वी पुण्याहून येथे आल्या आहेत. घर भाड्याचे, दोन खोल्यांचे, गॅलरी नाही. मला बागकामाची जुनी आवड आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून येथे प्रौढ व्यक्तीला स्वतःच्या वापरासाठी घरी गांजाची तीन रोपे वाढवण्याची मुभा मिळाल्यापासून सहकाऱ्यांच्या गप्पांत हाच विषय असतो. एका जुन्या लाकडी कपाटाची पेटी करावी, आत शंभर वॅटचा एलईडी दिवा, हवा बाहेर फेकणारा लहान पंखा आणि टायमर बसवावा, असा विचार आहे. पेटी साठ सेंटिमीटर रुंद, तितकीच खोल आणि सुमारे दीड मीटर उंच होईल.

माझे प्रश्न असे: पती-पत्नी मिळून सहा रोपे लावता येतील का? घरमालकाला सांगणे आवश्यक आहे का? दिवाळीत आई-वडील येणार आहेत, त्यांच्या दृष्टीने काही अडचण संभवते का? आणि आम्ही दोघेही भारतीय नागरिक आहोत, याचा काही संबंध येतो का?

कंदील

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आजच्या घडीला नकारार्थी आहे. तीन रोपांची मर्यादा माणशी असली, तरी ही मुभा ज्यांचे जर्मनीतील वास्तव्य किमान सहा महिन्यांचे आहे अशा प्रौढांनाच मिळते. म्हणजे तुमच्या पत्नीच्या नावावर अद्याप एकही रोप धरता येणार नाही, आणि चौथे रोप लावल्यास तो दंडावर भागणारा नियमभंग नसून फौजदारी गुन्हा ठरतो.

बहुतेक लोक रोपे मोजतात आणि वजन विसरतात. घरात वाळलेला माल ५० ग्रॅमपर्यंत ठेवता येतो, बाहेर जवळ बाळगण्याची मर्यादा २५ ग्रॅम आहे, आणि घरातील साठा ६० ग्रॅमच्या वर गेला की तेथेही फौजदारी कलम लागू होते. तीन निरोगी रोपे ही मर्यादा सहज ओलांडू शकतात. वरचा माल शेजाऱ्याला वाटून टाकू म्हणाल, तर तेही चालत नाही, कारण घरी पिकवलेले कोणालाही, अगदी फुकटसुद्धा, देण्यास मनाई आहे. तो नष्ट करावा लागतो. आपल्याकडे परसातली दोडकी जास्त झाली की शेजारी पोहोचवतात, ती सवय येथे गुन्हा ठरेल. त्यामुळे आई-वडिलांच्या, किंवा कोणत्याही पाहुण्याच्या, हाती यातले काही पडता कामा नये.

मुलांबाबत कायदा स्पष्ट आहे: रोपे आणि वाळलेला माल मुले, किशोरवयीन आणि इतर त्रयस्थ यांच्या हाती लागणार नाही अशी तजवीज करणे ही लावणाऱ्याची जबाबदारी आहे. चार वर्षांची मुलगी घरात असताना कपाटाला नुसती कडी पुरेशी नाही. कुलूप हवे आणि किल्ली तिच्या आवाक्याबाहेर हवी. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या निकट सान्निध्यात सेवन करण्यासही बंदी आहे, आणि दोन खोल्यांच्या घरात ही अट पाळणे कसे जमेल याचा विचार पेटीच्या आधी करावा. तुम्ही गाडीने कामावर जात असाल, तर ऑगस्ट २०२४ पासून रक्तद्रवात टीएचसीची (गांजातील नशा आणणाऱ्या घटकाची) मर्यादा प्रति मिलिलिटर ३.५ नॅनोग्रॅम आहे, आणि नवशिक्या चालकांना तेवढीही सूट नाही.

मुळामुठा

मी कायद्याचे बोलत नाही, पेटीचे बोलतो, कारण अशी एक पेटी माझ्या स्वयंपाकघरात तीन हिवाळे चालू आहे. फक्त तिच्यात कढीपत्ता आणि मिरची आहे.

शंभर वॅटचा दिवा रोज अठरा तास चालला, तर महिन्याला ५४ युनिट होतात. माझ्या करारातील प्रतियुनिट ३५ सेंटच्या दराने ते सुमारे १९ युरो पडतात, पंख्याचे वेगळे. पैशापेक्षा मोठा प्रश्न उष्णता आणि ओलाव्याचा आहे. दिवा खातो त्यातली बहुतेक वीज शेवटी उष्णताच होते, आणि झाडाला घातलेले बहुतेक पाणी पानांतून वाफ होऊन पेटीतल्या हवेत येते. ती हवा तुम्ही खोलीत सोडणार, आणि जर्मन हिवाळ्यात बंद खिडक्यांच्या घरात ती थंड भिंतीवर जाऊन बसणार. कपाटामागच्या भिंतीवर बुरशी आली, तर घरमालकाशी होणारा वाद रोपांवरून नव्हे, बुरशीवरून होईल. पहिल्या हिवाळ्यात मी स्वतः एक कोपरा खरवडून पुन्हा रंगवला आहे. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावे आणि आतबाहेर आर्द्रतामापक लावावा.

लाकडी कपाटात दिव्याचा अ‍ॅडॅप्टर आत ठेवू नये. तो बाहेर, वरच्या बाजूला स्क्रूने बसवावा, एकाला एक जोडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डांवर भार टाकू नये, आणि पाण्याची झारी नेता तेथे कोणताही सॉकेट खाली पडून राहू नये.

तुम्ही ज्या रोपाबद्दल विचारता त्याला कढीपत्त्याला नसलेल्या दोन अडचणी आहेत. त्याच्या बहुतेक जाती शेवंतीप्रमाणे लांब रात्र मिळाल्यावर फुलतात. पॉलीहाऊसवाले शेवंतीची कळी लांबवण्यासाठी रात्री दिवे लावतात, तेच तत्त्व. म्हणून दाराच्या फटीतून रात्री बैठकीच्या खोलीचा उजेड आत गेला तरी गणित बिघडते, आणि घरच्या सुतारकामात फट राहतेच. दुसरी अडचण वासाची. फुलोऱ्याच्या काळात तो वास एका खोलीत मावत नाही. कार्बनचा गाळक लावला तरी पंखा कमकुवत असेल, तर हवा गाळकातून न जाता फटींतून बाहेर पडते. शेजाऱ्यांना अवाजवी उपद्रव होऊ नये ही अपेक्षा कायद्यातही आहे. घरमालकाला सांगावे की नाही हा प्रश्न त्यामुळे फार काळ उरणार नाही, जिन्यातूनच त्याला कळेल. आपण होऊन आधी सांगितलेले आणि भाडेकरार नीट वाचलेले बरे.

रानजाई

शेवटच्या प्रश्नाकडे कोणी वळलेले दिसत नाही, आणि माझ्या मते तोच पहिला असायला हवा होता.

१९८५ चा भारतीय अमली पदार्थ कायदा, ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो, आपल्या पहिल्याच कलमात सांगतो की तो भारताबाहेर असलेल्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. ही तरतूद २००१ च्या दुरुस्तीने आली. भारतात नोंदलेल्या विमानातील सर्व व्यक्तींनाही तो लागू आहे, मग ते विमान कोठेही असो. वैद्यकीय किंवा वैज्ञानिक कारणासाठी रीतसर परवानगी असल्याशिवाय या झाडाची लागवड करण्यास त्यात मनाई असून विसाव्या कलमात त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. परदेशात केलेल्या गुन्ह्याचा खटला भारतात केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय चालत नाही, हेही खरे. तेव्हा उद्या कोणी दारात येईल असे मी म्हणत नाही. परंतु जर्मन कायद्याने मिळालेली मुभा भारतीय कायद्यापुढे बचाव म्हणून उभी करता येईल, असे गृहीत धरून पेटीला खिळे ठोकू नयेत.

आपल्याकडे भांग आणि गांजा ही दोन झाडे असल्यासारखे बोलले जाते, त्यातूनही गैरसमज होतो. झाड एकच. फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस, आणि शेंड्यांशिवायची नुसती पाने व बिया गांजाच्या व्याख्येतून वगळलेल्या आहेत, म्हणून होळीची भांग राज्यांच्या नियमांवर चालते. लागवडीची बंदी मात्र अख्ख्या झाडावर आहे, त्यामुळे "मी फक्त पाने घेईन" हा युक्तिवाद तेथे टिकत नाही.

आई-वडील परत जाताना त्यांच्या बॅगा तुम्ही स्वतः भरा, आणि ती पेटी ज्या खोलीत असेल तेथे भरू नका. जर्मनीतून असा माल बाहेर नेणे जर्मन कायद्यानेही निषिद्ध आहे, आणि मुंबईच्या विमानतळावर "घरचा आहे" याला काही अर्थ नाही.

निवडुंग

सर्वांचे मनापासून आभार. सहा महिन्यांची अट मला ठाऊक नव्हती, आणि पहिल्या कलमाची गोष्ट तर कल्पनेतही नव्हती. काल रात्री पत्नीशी बोललो. तिने एवढेच विचारले की कुलपाची किल्ली कोठे ठेवणार, आणि मला घरातली एकही जागा सांगता आली नाही. कपाट आणले आहे, दिवाही मागवला आहे, तेव्हा पेटी होईल. आत काय लावायचे ते बदलले आहे. मुळामुठा, कढीपत्त्याचे रोप येथे कोठे मिळते? पुण्याहून येताना पत्नीने ताजी पाने आणली होती, ती वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राअभावी विमानतळावरच काढून घेतली.

मुळामुठा

माझे रोप येथल्याच एका रोपवाटिकेतून आले आणि आता त्याला मुळापाशी चार फुटवे आहेत. मार्चमध्ये कुंडी बदलेन, तेव्हा एक फुटवा मुळासकट वेगळा करून देतो. तोवर पेटीत मिरचीचे बी टाका. कुंडीतील माती वीस अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर तीन आठवडे काहीच उगवणार नाही आणि तुम्ही दिव्याला दोष द्याल.