शिलाई मशीन आधी की खोली?

गोवंडीची_शिवणबाई: देहव्यापारातून सोडवलेल्या मुलींच्या पुनर्वसनाचा विषय निघाला की आपल्याकडे आधी शिलाई मशीन पुढे येतं. मी शिवण शिकवते, म्हणून बोलते. गेल्या वर्षी एकीचा हात इतका साफ, की ब्लाउजचा गळा पहिल्या फटक्यात बसायचा. कोर्स संपला, वसतिगृहाची मुदतही संपली. मानखुर्दला खोली बघायला गेलो. एजंटचा पहिला प्रश्न, "नवरा काय करतो?" दुसरा, "आधारवर पत्ता कसला हा?" वसतिगृहाचाच होता. डिपॉझिटपर्यंत बोलणं गेलंच नाही. मशीन ठेवायला जागा नाही तर शिकून काय करायचं? सरकारने आधी सहा महिन्यांचं भाडं द्यावं, मग प्रशिक्षण.

लालबागचा_नाना: बाई, वाईट वाटून घेऊ नका. १९८२च्या संपात वडिलांची गिरणी गेली. म्हाडाच्या सोडतीत नाव लागेल म्हणून आई शेवटपर्यंत वाट बघत होती. आम्ही कुठल्या रांगेत उभं राहायचं?

गोवंडीची_शिवणबाई: नाना, मालकीचं घर कोण मागतंय? अकरा महिन्यांच्या कराराचं बोलतेय मी.

माजी_समुपदेशक: मी सात वर्षं वसतिगृहात काम केलंय, मला हे पटत नाही. एकटी खोलीत ठेवलेली पोरगी म्हणजे दलालाला आयतं सावज. घरवालीचं, म्हणजे कोठा चालवणारीचं, 'कर्ज' अंगावर असतं, कधी मूल तिकडेच राहिलेलं असतं. एक फोन येतो आणि ती उठून जाते. वसतिगृहात निदान दाराला कडी असते. चार पगार हातात येईपर्यंत बाहेर काढूच नये.

फोर्टातला_वकील: कडी कोणाच्या हातात, तेही बघा. १९५६च्या पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७ खाली चौकशीनंतर एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवता येतं. पण सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन सज्ञान तरुणींना सोडायला लावलं. सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध डांबता येत नाही. सोडवलेल्या बायकांच्या पुनर्वसनाची उज्ज्वला योजना (गॅसवाली नव्हे) आता शक्ती सदन योजनेत गेली. पाटी बदलली, बाहेर पडल्यावर कुठे जायचं हा प्रश्न तसाच.

माजी_समुपदेशक: कायदा मलाही कळतो हो. पण परत गेलेल्या पोरीच्या आईला फोन मी केलाय, वकिलाने नाही.

गोवंडीची_शिवणबाई: म्हणूनच एकटी नको. तिघीचौघी मिळून एक खोली, करार संस्थेच्या नावावर, आठवड्याला तुमच्यासारखं कोणीतरी डोकावणारं. तुमचं माझं भांडण एवढंच, की तुम्ही हे चार पगारांनंतर म्हणता आणि मी आधी. पत्ता नसेल तर पहिला पगार देणार कोण?

माजी_समुपदेशक: संस्थेच्या नावावर घरमालक देतात? मला तरी एकही भेटला नाही.

लालबागचा_नाना: आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर खोली रिकामी आहे. मालकाशी बोलतो. पण मुली कुठून आल्या ते मी कुणाला सांगणार नाही, आणि तुम्हीही सांगू नका.